इंद्रायणी ओसरल्यानंतरचे चाळीस दिवस

गेल्या काही पावसाळ्यांत आळंदीचे एक चित्र ठरून गेले आहे. घाटाच्या पायऱ्या दिसेनाशा होतात, नदीपात्रातले भक्त पुंडलिकाचे मंदिर पाण्यात जाते, पुलावर मोबाइल उंचावून गर्दी उभी राहते आणि संध्याकाळच्या बातम्यांत 'इंद्रायणी दुथडी' असा मथळा झळकतो. १९ जून २०२५ रोजी, माउलींच्या पालखीच्या प्रस्थानाच्या दिवशी, हेच झाले. लाखो वारकरी गावात आणि नदी घाटावर चढलेली. त्याआधी चारच दिवस, १५ जूनला, याच नदीवरचा इंदोरीजवळचा कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या भाराने कोसळून चार जणांचा जीव गेला होता. दोन-तीन दिवसांत पाणी उतरते, घाट धुतला जातो, कॅमेरे परततात. बातमी तिथे संपते.

वैद्यकीय हिशेबात ती तिथे सुरू होते. पुराचे पाणी माणसाला मारते ते मुख्यतः दोन पद्धतींनी. पहिली सगळ्यांना दिसते: वाहून जाणे, विजेचा धक्का, भिंत पडणे. दुसरी दिसत नाही, कारण ती टप्प्याटप्प्याने येते. तिसऱ्या दिवशी जुलाब, दहाव्या दिवशी ताप, तिसऱ्या आठवड्यात डेंगी, आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यात कावीळ. तोवर पूर कोणाच्या लक्षातही नसतो. ज्याला कावीळ झाली त्याला विचारले, की काय खाल्ले होते, तर तो कालच्या लग्नातल्या जेवणाचे नाव सांगतो. दीड महिन्यापूर्वी नळाला चार दिवस गढूळ पाणी आले होते, हे त्याच्या आठवणीतून गेलेले असते.

आळंदीच्या खाली चऱ्होली खुर्द, धानोरे, सोळू, मरकळ, गोलेगाव आणि शेवटी तुळापूर अशी गावे नदीच्या कडेने आहेत. तुळापूरला इंद्रायणी भीमेला मिळते. या गावांत अजून ऊस आहे, भाजीपाला आहे, गोठे आहेत. त्याच्याच शेजारी कारखान्यांची शेड आणि कामगारांच्या भाड्याच्या खोल्यांच्या रांगाही आहेत. पूर इथे शेतात, गोठ्यात आणि खोल्यांत शिरतो. मंदिराचा कळस कुठवर बुडाला याची चर्चा होते. गोठ्यातले पाणी कुठवर आले, याची होत नाही.

पाणी येते कुठून

इंद्रायणीचा उगम लोणावळ्याजवळ कुरवंडे परिसरात, सह्याद्रीच्या अगदी माथ्यावर. लोणावळा-वळवण भागातल्या टाटांच्या धरणांचे पाणी एरवी पश्चिमेला, खोपोलीकडे, वीजनिर्मितीसाठी उतरवले जाते. ती धरणे काठोकाठ भरली, की सांडव्यावरचे पाणी पूर्वेला इंद्रायणीत येते. वाटेत कुंडली नदीवरचे वडिवळे आणि आंद्रा नदीवरचे आंद्रा धरण आपापली भर घालतात. त्यामुळे होते असे, की आळंदीत ऊन पडलेले असते आणि नदी चढत असते. मावळात रात्री कोसळलेला पाऊस काही तासांनी इथे पोहोचतो. 'आमच्याकडे तर पाऊसच नाही' या समजुतीवर गोठ्यातली जनावरे तशीच बांधून ठेवणारा शेतकरी म्हणूनच फसतो.

विसर्गाचे आकडे आता सगळ्यांच्या व्हॉट्सअॅपवर येतात, पण क्युसेक म्हणजे काय हे फार थोड्यांना उमगलेले असते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८.३ लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला २ लाख ८३ हजार लिटर. दहा हजार लिटरचे पाण्याचे टँकर डोळ्यांपुढे आणले, तर एका सेकंदात अठ्ठावीस टँकर एका जागेवरून जातात. त्यात वेगाचे गणित वेगळेच. पाण्याचा वेग दुप्पट झाला, की अंगावर येणारा जोर चौपट होतो. म्हणून गुडघाभर पाणी तलावात निरुपद्रवी आणि पुलावर जीवघेणे असते. वाहत्या पाण्यात फूटभर खोलीला मोटार तरंगू लागते, दोन फुटांना ती वाहून जाते. दुचाकीचे तर सांगायलाच नको.

आणखी एक गोष्ट तुळापूरच्या संगमावर घडते. भीमेवर वर चासकमान, भामा नदीवर भामा-आसखेड. तिकडूनही विसर्ग चालू असेल, तर भीमाच फुगलेली असते आणि इंद्रायणीचे पाणी तिच्यात उतरायला तयार होत नाही. ते मागे तुंबते. गावकरी याला फुगवटा म्हणतात. पाऊस थांबून दिवस झाला तरी मरकळच्या बाजूच्या शेतातले पाणी हलत नाही, त्याचे कारण बरेचदा वर नसून खाली असते. आरोग्याच्या दृष्टीने हे साचलेले, हलकेच ओसरणारे पाणी वाहत्या पाण्यापेक्षा वाईट.

पूर वाढले आहेत का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९५० ते २०१५ या काळातील पावसाच्या नोंदी तपासल्या. मध्य भारताच्या पट्ट्यात, मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना या काळात तिपटीने वाढल्याचे त्यात दिसले. हवा एक अंश सेल्सिअसने तापली, की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. ते बाष्प मग एका झटक्यात रिकामे होते. पण सगळा दोष आभाळाला देणे सोयीचे असले तरी खरे नाही. तळेगाव, देहू, चिखली, मोशी, चाकण या पट्ट्यात जिथे पाणी मुरत होते तिथे आता काँक्रीट आहे. नदीच्या पात्रातच घरे आहेत. चिखलीत निळ्या पूररेषेच्या आतले ३६ बंगले मे २०२५ मध्ये न्यायालयीन आदेशानंतर पाडले गेले, ते वाचकांना आठवत असेल. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 'पंचवीस वर्षांतून एकदा' हे ऐकून अनेकांना वाटते, की एकदा येऊन गेला म्हणजे आता चोवीस वर्षे निर्धास्त. तसे नाही. दरवर्षी चार टक्के शक्यता, एवढाच त्याचा अर्थ. नाणेफेकीत दोनदा छापा पडला म्हणून तिसऱ्यांदा काटा पडेलच असे जसे नसते, तसे.

पुराने नदी धुऊन निघते?

हा समज नदीकाठी फार खोल रुजलेला आहे. एरवी आळंदीच्या घाटावर नदीवर पांढरा फेस तरंगताना दिसतो. घरगुती सांडपाण्यातला साबण-डिटर्जंट आणि कारखान्यांचे पाणी यांतून तो येतो. बंधाऱ्यावरून पाणी आपटले, की अंड्याचा बलक सोडून पांढरे फेटावे तसे ते फेसाळते. पूर आला, की फेस जातो, जलपर्णी वाहून जाते, पाणी चहाच्या रंगाचे होते. 'झाली नदी स्वच्छ' असे म्हणून लोक हात जोडतात, ओंजळभर पाणी तोंडात घेतात.

फेस जातो हे खरे. जंतू जात नाहीत. पुराच्या पहिल्या लोंढ्यात वर्षभर तळाशी बसलेला गाळ ढवळून वर येतो. उकिरडे, कत्तलीचा कचरा, मेलेली जनावरे, उघड्यावरचा मैला सगळे एका पाण्यात येते. आणि मुख्य म्हणजे नदीची पातळी वाढली, की तिच्यात उतरणाऱ्या गटारांची तोंडे पाण्याखाली जातात. एरवी नदीकडे वाहणारे मैलापाणी उलटे फिरते आणि चेंबरमधून, न्हाणीघराच्या जाळीतून, संडासाच्या भांड्यातून घरात येते. नदी अजून दोनशे मीटरवर असताना घरात घाण पाणी का आले, याचे उत्तर हे आहे. शोषखड्डे आणि सेप्टिक टाक्याही अशाच भरून वर येतात, आणि शेजारच्या बोअरवेलच्या ओट्याला तडा गेलेला असेल तर आत उतरतात. हातपंपाचे पाणी नितळ दिसते म्हणून ते शुद्ध समजू नये.

नितळपणाचा हा धोका किती मोठा असू शकतो, हे दिल्लीने १९५५ मध्ये पाहिले. त्या वर्षी यमुनेला पूर आला आणि पूर ओसरताना नदीने आपला प्रवाह सरकवला. वजिराबादला जिथे शहरासाठी पाणी उचलले जाई, तिथे नजफगढ नाल्याचे मैलापाणी उलटे येऊ लागले. जलशुद्धीकरणाच्या कर्मचाऱ्यांना ते कळले. त्यांनी तुरटी आणि क्लोरीन वाढवले. त्याचा उपयोग झाला: शहरात विषमज्वराची किंवा पटकीची साथ आली नाही. सर्वांना वाटले, निभावले. मग डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. गढूळ पाण्यात क्लोरीनने जिवाणू मेले, पण विषाणू तगला. त्या वेळी तो कोणता विषाणू हेही माहीत नव्हते. बरीच वर्षे ही साथ 'अ' काविळीची मानली गेली. जपून ठेवलेले रक्तनमुने १९८०च्या सुमारास नव्या चाचण्यांनी तपासले, तेव्हा ती 'अ'ही नव्हती आणि 'ब'ही नव्हती असे दिसले. तो 'ई' प्रकारचा विषाणू. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचे या विषाणूवरचे काम जगभर ओळखले जाते.

या एका घटनेत पूरग्रस्त गावाने शिकण्यासारखे बरेच आहे. पाणी गढूळ असेल तर क्लोरीनचा मोठा भाग त्या गाळाशीच लढण्यात खर्च होतो. जंतू गाळाच्या कणांआड लपतात. म्हणून आधी पाणी निवळायचे, मग क्लोरीन. तुरटी फिरवून पाणी चार-सहा तास ठेवायचे, वरचे निवळ पाणी वेगळे काढायचे, आणि मग त्यात मेडिक्लोरचे थेंब किंवा गोळी टाकून अर्धा तास थांबायचे. गॅस असेल तर सर्वांत सोपा मार्ग उकळण्याचा. नुसते कोमट नव्हे, खळखळून उकळी फुटली पाहिजे.

आळंदी शहराला आता भामा-आसखेड धरणाचे पाणी मिळते, त्यामुळे नदीतून उचललेले पाणी थेट नळाला येण्याचा पूर्वीचा धोका कमी झाला. पण नळाला चोवीस तास पाणी नसते. पाणी बंद असताना नळाच्या वाहिनीत पोकळी तयार होते आणि बाहेरचे पाणी प्रत्येक फटीतून आत ओढले जाते. वाहिनी पुराच्या पाण्यात बुडालेली असेल, तर आत काय ओढले जाते ते सांगायला नको. पूर ओसरल्यावर आलेले पहिले पाणी भरू नये, सोडून द्यावे, हा जुन्या बायकांचा नियम शास्त्राच्या कसोटीला पूर्ण उतरतो. २०२५च्या सुरुवातीला पुणे परिसरात, विशेषतः सिंहगड रस्त्याच्या भागात, दूषित पाण्याशी जोडल्या गेलेल्या गुलेन-बारी सिंड्रोमचे दोनशेहून अधिक रुग्ण आढळले. तिथे पूरही नव्हता.

वाड्या-वस्त्यांवर मात्र विहीर आहे. विहिरीसाठी ग्रामपंचायतीकडे टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, असते. नेहमीच्या दिवसांत हजार लिटरला साधारण पाच ग्रॅम, हे प्रमाण आरोग्यसेवकाला पाठ असते. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल, तर ते सुमारे ३७ हजार ७०० लिटर भरते. म्हणजे १९० ग्रॅमच्या आसपास पावडर. पुराचे पाणी शिरलेल्या विहिरीला हा डोस पुरत नाही. आधी उपसा करायचा, गाळ काढायचा, नंतर जादा डोस द्यायचा आणि तो किती, हे आरोग्य केंद्राकडून ठरवून घ्यायचे. पावडर कोरडी विहिरीत उधळायची नसते. बादलीत कालवून चुना तळाशी बसू द्यायचा, वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्यायची आणि ती बादली दोराने पाण्याखाली सोडून हलवायची. तासभर कोणी पाणी भरायचे नाही. मग ओटी चाचणीत पाणी पिवळे झाले, तर क्लोरीन शिल्लक आहे. पिवळे झाले नाही, तर सगळी मेहनत वाया. आणि इथे एक दुखणे सांगितलेच पाहिजे: उघड्या पोत्यातली, ओल लागलेली टीसीएल काही आठवड्यांत आपली ताकद गमावते. पुष्कळ ग्रामपंचायतींत पोते असते, नोंदवहीत सही असते, आणि पावडरीत क्लोरीन नसतो.

गोठ्यातला ताप

नदीकाठच्या शेतकऱ्याचा खरा शत्रू लेप्टोस्पायरोसिस. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या प्रलयानंतर हे नाव शहरी वाचकांना कळले, पण मुळात हा शेतीचा, गोठ्याचा आजार आहे. उंदीर, घुशी, कुत्री, डुकरे, गाई-म्हशी यांच्या लघवीतून हे जिवाणू बाहेर पडतात. पुरात उंदरांची बिळे बुडाली, की ते घरात, गोठ्यात, धान्याच्या कणगीपाशी येतात. माणसाच्या पायाला भेग असते, बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या असतात, ऊसतोडीत हाताला कापलेले असते. तासन् तास पाण्यात राहून कातडी भिजून फुगलेली असते. जिवाणूला एवढे पुरते. नाका-डोळ्यांतूनही तो शिरतो.

पाण्यात उतरल्यापासून साधारण पाच ते चौदा दिवसांनी थंडी वाजून ताप येतो. डोके दुखते, अंग ठणकते. हे सगळे डेंगीतही होते, मलेरियातही होते. मग ओळखायचे कसे? पोटऱ्या दाबल्या की माणूस कळवळतो, आणि डोळे लाल होतात पण त्यांना पू नसतो. या दोन खुणा तापाच्या रुग्णात दिसल्या आणि तो पुराच्या पाण्यात उतरला होता असे कळले, की डॉक्टरने रक्ताच्या अहवालाची वाट पाहत बसू नये. पहिल्या आठवड्यात रक्तातली प्रतिपिंडे वाढलेलीच नसतात. चाचणी 'निगेटिव्ह' येते आणि आजार पुढे जातो. पुढे जातो म्हणजे डोळे पिवळे होतात, लघवी कमी होते, खोकल्यातून रक्त येते. तिथून रुग्णाला परत आणणे कठीण, डायलिसिस आणि अतिदक्षता विभाग लागतो. याच आजारावर पहिल्या दोन-तीन दिवसांत दिलेल्या डॉक्सिसायक्लिनच्या साध्या, स्वस्त गोळ्या काम करतात.

म्हणून रुग्णाने एक वाक्य न विचारता सांगावे: 'डॉक्टर, मी पुराच्या पाण्यात उतरलो होतो.' गर्दीच्या ओपीडीत दोन मिनिटांत सुटणाऱ्या रुग्णासाठी हे वाक्य कोणत्याही तपासणीहून मोलाचे आहे. आणि ताप-अंगदुखीसाठी मेडिकलच्या दुकानातून तीव्र वेदनाशामक गोळी घेऊ नये. लेप्टो असो वा डेंगी, त्या गोळ्या आधीच अडचणीत आलेल्या मूत्रपिंडांवर आणि रक्तस्रावावर भर घालतात. तोवर पॅरासिटामोल पुरे.

जे लोक पाण्यातून चालले त्यांना प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिन देण्याची पद्धत मुंबईत आता रुळली आहे. किती वेळ पाण्यात होते, जखम होती का, यावरून एक दिवस, तीन दिवस किंवा आठवड्यातून एकदा असे काही आठवडे, अशी ती दिली जाते. शक्यतो बहात्तर तासांच्या आत. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालील मुलांना हे औषध चालत नाही, त्यांच्यासाठी पर्याय वेगळा, म्हणून ती डॉक्टरांनीच ठरवायची. पूर बघायला आलेल्यांना तिची गरज नाही. गरज आहे ती कंबरभर पाण्यात म्हशी सोडवायला उतरलेल्याला, चेंबर मोकळे करणाऱ्या सफाई कामगाराला, आणि पूर ओसरल्यावर खराटा घेऊन घरातला चिखल उपसणाऱ्या बाईला. हा चिखल बहुधा अनवाणी पायांनीच उपसला जातो. गमबूट नसतील तर पायांत जाड प्लास्टिक पिशव्या बांधून वर चप्पल, एवढेही चालेल. मधुमेहींनी तर चिखलात उतरूच नये. त्यांच्या पायाला काच घुसली तरी कळत नाही, आणि आठ दिवसांनी पाय काळा पडलेला असतो.

जनावरांचा विषय माणसांच्या डॉक्टरांच्या यादीत सहसा नसतो, पण गोठ्यात पाणी शिरले, की गाईंची कास सुजते, खूर सडतात आणि घटसर्प, फऱ्या यांची भीती असते. त्यांच्या लसी पावसाळ्यापूर्वी टोचायच्या असतात. पूर आल्यावर पशुवैद्यकाला फोन करून त्या मिळत नाहीत.

रात्रीची पाहुणी

पाणी चढले, की सापही उंच आणि कोरडी जागा शोधतात. ती जागा म्हणजे घर. घोणस चावली तर जबर दुखते, सुजते, माणूस धावतो. मण्यार चावली तर दुखतही नाही. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती अंथरुणात चावते, खूण डासाच्या चाव्याएवढीही दिसत नाही. पहाटे तो पोटात दुखते म्हणून उठतो, घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते, पापण्या मिटू लागतात. घरचे म्हणतात, रात्रीचे जेवण बाधले. सूज नाही म्हणून सापाचा विचार कोणाच्या मनात येत नाही, आणि श्वासाचे स्नायू लुळे पडायला फार वेळ लागत नाही. पावसाळ्यात पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या यांची जोडी दिसली, तर ती मण्यार आहे असे धरून चालावे. कापायचे नाही, चोखायचे नाही, घट्ट दोरी आवळायची नाही. हात-पाय फळीला बांधून स्थिर ठेवायचा आणि १०८ ला फोन लावायचा. सर्पदंशाची प्रतिविषे ग्रामीण रुग्णालयांत असतात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आणि आळंदीपासून फार दूर नसलेल्या नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी ग्रामीण भागात राहून केलेल्या कामाने दाखवले आहे, की वेळेत आलेला रुग्ण लहान दवाखान्यातही वाचतो. अडते ते वेळेत येण्याशी, आणि पुरात नेमका तोच रस्ता बंद असतो. पलंग, बाज नसेल तर निदान मच्छरदाणी चटईखाली नीट खोचावी. ती डासांना अडवते तशी मण्यारीलाही.

रस्ता बंद होण्याचा फटका आणखी काहींना बसतो. दिवस भरत आलेली गरोदर स्त्री, आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला पिंपरीला जाणारा रुग्ण, इन्सुलिनवरचे मूल, क्षयाची औषधे चालू असलेला कामगार. आशाताईंच्या वहीत गावातल्या गरोदर स्त्रियांच्या प्रसूतीच्या तारखा असतातच. हवामान खात्याने घाटमाथ्यासाठी लाल इशारा दिला, की त्या वहीतली पुढच्या पंधरा दिवसांतली नावे काढून त्यांना पलीकडच्या काठावर, रुग्णालयाच्या बाजूला, नातेवाइकांकडे हलवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. मरकळ रस्त्याकडेच्या खोल्यांत राहणाऱ्या परप्रांतीय कामगारांची बायका-मुले मात्र कोणाच्याच वहीत सहजी नसतात. खोली मालकाची, करार तोंडी, नाव रेशनकार्डावर नाही. पंचनाम्यात घर येते, पीक येते, जनावर येते. भाडेकरूची भिजलेली गादी येत नाही, आणि त्याच्या मुलाला तिसऱ्या दिवशी लागलेले जुलाब तर नाहीतच.

त्या जुलाबांवरचे औषध मात्र जवळच आहे. ओआरएसचे एक पाकीट एक लिटर शुद्ध पाण्यात, पूर्ण. अर्धे पाकीट अर्ध्या लिटरात असे अंदाजाने करू नये. सोबत झिंकची गोळी चौदा दिवस. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, रडताना अश्रू येत नाहीत, सहा तासांत लघवी नाही, तर घरी थांबू नये. भाताच्या पेजेसारखे पाणीदार जुलाब मोठ्या माणसाला लागले, तर पटकी धरून चालावे आणि आरोग्य केंद्राला लगेच कळवावे. एका रुग्णाच्या खबरीने अख्ख्या वस्तीची विहीर वेळेत शुद्ध होते.

डास तिसऱ्या आठवड्यात येतात. पुराचा लोंढा सुरुवातीला अळ्या वाहून नेतो, त्यामुळे पहिले काही दिवस डास कमी झाल्यासारखे वाटतात. नंतर छपरावरची ताडपत्री, टायर, फुटके माठ आणि पाणी येत नाही म्हणून भरून ठेवलेली पिंपे यांत डेंगीचा डास अंडी घालतो. गावात फवारणीची गाडी धूर सोडत फिरली, की सर्वांना बरे वाटते. अळ्या धुराने मरत नाहीत. पिंप रिकामे करून, घासून, कोरडे केल्याने मरतात.

आणि मग ती कावीळ. 'ई' विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे लागतात, सरासरी चाळीस दिवस. जुलैअखेरीच्या पुराची कावीळ गणपतीत दिसते. सप्टेंबरअखेरीस पाणी चढले, तर ती कार्तिकीच्या तोंडावर येते, जेव्हा आळंदीत समाधी सोहळ्यासाठी पुन्हा लाखोंची गर्दी असते आणि वारकरी विद्यार्थ्यांच्या पंगती उठत असतात. तरुण, धडधाकट माणसाला हा आजार बहुधा महिनाभर अंथरुणाला खिळवून सोडून देतो. नदीकाठच्या गावांत त्यासाठी अजून हात धुऊन कावीळ उतरवणारे आहेत. चुन्याच्या पाण्यात हात घातले, की पाणी पिवळे होते. तो पिवळा रंग आधी हाताला चोळलेल्या झाडपाल्याचा आणि चुन्याचा असतो, रक्तातल्या पिवळेपणाचा त्याच्याशी संबंध नाही. बहुतेक रुग्ण आपोआपच बरे होणार असतात, म्हणून उतारा लागू पडल्यासारखा दिसतो.

एका गटात तो लागू पडल्यासारखा दिसत नाही. सातव्या महिन्यापुढच्या गरोदर स्त्रीला 'ई' कावीळ झाली, तर पाचांपैकी एक ते चारांपैकी एक स्त्री दगावू शकते. यकृत काही दिवसांत निकामी होते, रक्त गोठेनासे होते, बाळही हाती लागत नाही. काविळीच्या 'अ' प्रकारावर लस आहे. 'ई'साठी आपल्या लसीकरणात अजून काही नाही. त्यामुळे पूर आलेल्या गावात पुढचे दोन महिने गरोदर बाईने उकळलेले पाणीच प्यायचे, माहेरी असो, सासरी असो, की पंगतीत. तिला जेवण नकोसे झाले, मळमळ वाढली, लघवी मोहरीच्या तेलासारखी गडद झाली, तर डोळे पिवळे होण्याची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी तिला रुग्णालयात न्यायचे, आणि केसपेपरवर गावाच्या नावाशेजारी पूर कोणत्या तारखेला आला होता, तेही लिहून घ्यायला सांगायचे.